मयत सर्व्हरचा मरणोत्तर पंचनामा

उल्हास नदीचे पाणी पावसाळ्यात बदलापुरातील सखल वस्त्यांत शिरून ओसरले, की दोन कामे एकाच वेळी निकडीची होतात आणि ती एकमेकांच्या मुळावर उठलेली असतात. घरातला चिखल ताबडतोब काढायचा असतो, आणि तलाठी पंचनामा करून जाईपर्यंत तो काढायचा नसतो. काढला तर नुकसानीचा पुरावा जातो, न काढला तर घरात पाय ठेवता येत नाही. २००५ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या जुलैत या पट्ट्याने हा पेच पुरेपूर अनुभवला असला, तरी त्याची दुसरी एक आवृत्ती इथल्या माणसांच्या वाट्याला बाराही महिने, पावसाचा थेंबही न पडता येत असते, तिची दखल मात्र कोणत्याही गॅझेटियरने घेतलेली नाही. ती आवृत्ती म्हणजे वेब सर्व्हरचे आकस्मिक निधन.

वेब सर्व्हर म्हणजे ग्राहकाच्या मोबाइलवरून किंवा संगणकावरून आलेली मागणी स्वीकारून तिला योग्य ते पान परत धाडणारा प्रोग्राम होय. हा प्रोग्राम चालता चालता मेमरीतील एखाद्या निषिद्ध जागेला हात लावतो, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम त्याला जागच्या जागी ठार करते, आणि या घटनेस व्यवहारात ‘सर्व्हर क्रॅश झाला’ किंवा अधिक आपुलकीने ‘सर्व्हर पडला’ असे म्हणतात. मृत्यूच्या क्षणी त्या प्रोग्रामच्या मेमरीत जे जे काही होते, म्हणजे कोणते काम अर्धवट होते, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते, कोणत्या चलात काय भरले होते, ते सगळे जसेच्या तसे एका फाइलीत उतरवून घेणे म्हणजे क्रॅश डंप. लिनक्सच्या जगात त्याच फाइलीला कोअर डंप म्हणतात. थोडक्यात, हा मयताच्या अंगावरील वस्तूंसह केलेला पंचनामा आहे, आणि पंचनाम्याला लागू असणारे बहुतेक सर्व नियम, सबबी व अडवणुकी त्यालाही लागू आहेत.

अभ्यासासाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हाच पट्टा निवडण्यास सबळ कारण आहे. सर्व्हर स्वतः या शहरांत क्वचितच राहतात. त्यांचा मुक्काम ऐरोली, रबाळे, महापे येथील डेटा सेंटरांच्या थंडगार इमारतींत असतो, जिथे त्यांना अखंड वीज, अखंड थंडावा आणि दारात सुरक्षारक्षक लाभतो. त्यांचे सुतक पाळणारी माणसे मात्र, घरांचे भाव परवडतात म्हणून, कल्याणच्या पुढच्या स्थानकांवर राहतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर असलेल्या बदलापुरातून सकाळची लोकल धरणारा, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडणारा आणि तिथून ऐरोली गाठणारा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर हा या अभ्यासाचा मुख्य घटक आहे. सर्व्हर नेमका या प्रवासातच पडतो, असे सिद्ध करणारी आकडेवारी उपलब्ध नसली, तरी संबंधितांपैकी कोणालाही त्याविषयी शंका नाही. अंबरनाथचे काही प्रवासी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने बदलापूरपर्यंत ‘डाऊन करून’ येतात, त्यावरून डब्यात रोजची बाचाबाची होते, आणि त्या गदारोळात एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने खिशातला मोबाइल बाहेर काढणे हेच मुळात कौशल्याचे काम असल्याने, ऑफिसातून आलेल्या ‘काय करू?’ या प्रश्नाला तिथून एकच उत्तर जाऊ शकते. ते म्हणजे ‘रिस्टार्ट मार.’

या उत्तराला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु या भूमीत ते शोभणारे नाही. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्प या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीची उल्हासनगर या नावाने पायाभरणी झाली, आणि सगळे मागे ठेवून आलेल्या माणसांनी कारणमीमांसा बाजूला सारून आधी दुकाने उघडली. कॅम्प क्रमांक एक ते पाच अशी शहराची विभागणी आजही त्याची साक्ष देते. आधी सुरू करा, का बंद पडले ते नंतर पाहू, हे तत्त्व जिथे लाखभर माणसांच्या उपयोगी पडले, तिथे ते एका यंत्राच्या बाबतीत चुकीचे ठरते, हे पटवून देणे कठीण जाते. यंत्राच्या बाबतीत ते चुकीचे मात्र आहे, कारण माणसाला का पळावे लागले हे त्याच्या लक्षात राहते आणि सर्व्हरला रिस्टार्टनंतर काहीही आठवत नाही.

आठवू नये अशी व्यवस्थाच मुळात केलेली आहे. अपाचे हा १९९५ पासून वापरात असलेला वेब सर्व्हर घेतला, तर त्याच्या नेहमीच्या रचनेत एक पालक प्रक्रिया आणि तिच्या हाताखाली अनेक अपत्य प्रक्रिया असतात. प्रक्रिया म्हणजे चालू स्थितीतील प्रोग्राम. ग्राहकांची सगळी कामे अपत्ये करतात, आणि त्यांपैकी एखादे मेले तर पालक प्रक्रिया शोक न करता त्याच्या जागी दुसरे उभे करते व नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, एवढेच लिहिते की अमुक क्रमांकाचे अपत्य ‘सेगमेंटेशन फॉल्ट (११)’ या संकेताने गेले. यातला ११ हा मृत्यूचा अधिकृत प्रकार आहे. निषिद्ध मेमरीला स्पर्श केल्यावर लिनक्स हाच संकेत पाठवते, तर प्रोग्रामने स्वतःहून प्राण सोडल्यास ६ क्रमांकाची नोंद होते. ग्राहकाला या घटनेचा पत्ता एवढाच लागतो की पान उघडले नाही. तो पुन्हा दाबतो, दुसरे अपत्य पान देते, आणि प्रकरण मिटते. दिवसाला शंभर अपत्ये दगावत असतानाही ‘साइट चालू आहे’ असा अहवाल वर जाऊ शकतो, आणि तो खोटाही नसतो. हे लॉगही फार काळ टिकत नाही, कारण जुन्या नोंदी आपोआप काढून टाकणारी सोय सर्वत्र असते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख अद्याप वाचता येतो, आणि त्याच गावात राहणाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरला गेल्या महिन्यातील लॉग मिळत नाही, ही गोष्ट ते मंदिर उभारणाऱ्या शिलाहार राजांच्या प्रशासनाबद्दल आदर वाढवणारी आहे.

लॉगमध्ये मृत्यूची नोंद सापडते, कारण सापडत नाही. त्यासाठी डंप हवा, आणि डंप मिळवण्यासाठी जी परवानग्यांची साखळी पार करावी लागते, तिच्यापुढे तहसील कार्यालयही दिलदार वाटू लागते. पहिली अट अशी, की मरणाऱ्याला किती मोठी फाइल मागे ठेवण्याची मुभा आहे, याची एक मर्यादा असते. ती ‘युलिमिट’ या आज्ञेने ठरते आणि लिनक्सच्या अनेक वितरणांत ती मुळातच शून्य ठेवलेली असते. पंचनामा करण्यास हरकत नाही, फक्त तो शून्य पानांत बसला पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. ही मर्यादा वाढवली, तर दुसरा प्रश्न येतो की फाइल ठेवायची कुठे. अपाचेला त्यासाठी ‘कोअरडंपडिरेक्टरी’ नावाची सूचना देता येते. ती दिली नाही तर तो फाइल स्वतःच्या मूळ फोल्डरात ठेवू पाहतो, आणि त्या फोल्डरात अपत्यांना लिहिता येऊ नये असा सुरक्षिततेचा दंडक असल्याने तिथे काहीच लिहिले जात नाही. नियम आणि अपवाद दोन्ही अपाचेच्या एकाच दस्तऐवजात शांतपणे नमूद केलेले आहेत.

तिसरी अट अधिक सूक्ष्म आहे. वेब सर्व्हर ज्या ८० क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, बसतो, ते दार उघडण्याचा अधिकार पारंपरिक नियमानुसार केवळ रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याला असतो. म्हणून अपाचे रूट म्हणून जन्म घेतो, दार उघडतो, आणि अपत्ये मात्र एका सामान्य वापरकर्त्याच्या नावाने कामाला लावतो. अशा रीतीने ओळख बदललेल्या प्रक्रियेकडे लिनक्सचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, संशयाने पाहते: पूर्वी अधिकारी असलेल्याच्या खिशात काही गोपनीय कागद राहिले असतील, तेव्हा त्याचा पंचनामाच नको. डंपचे फोल्डर स्पष्ट सांगितले असल्यास अपाचे कर्नलला खास विनंती करून ही बंदी उठवतो. सांगितले नसल्यास मयत निनावी राहतो.

इतके सगळे जुळवून आणले आणि फाइल ‘/टीएमपी’ या तात्पुरत्या फोल्डरात पडेल असे ठरवले, तर आणखी एक गंमत वाट पाहत असते. आधुनिक लिनक्समध्ये सिस्टिमडी नावाचा व्यवस्थापक अनेक सेवांना स्वतःचे खासगी ‘/टीएमपी’ देतो, जे बाहेरून वेगळ्याच, लांबलचक नावाच्या फोल्डरात असते. ॲडमिनिस्ट्रेटर खऱ्या ‘/टीएमपी’त पहाटेपर्यंत शोधत बसतो, फाइल नाही म्हणून निराश होतो, आणि शेवटी ‘एकदा रिस्टार्ट मारून बघू’ म्हणून सेवा बंद करून चालू करतो. सेवा बंद होताच तिचे खासगी फोल्डर आतल्या डंपसकट पुसले जाते. पंचनामा मयताच्याच खोलीत ठेवला होता, आणि खोली नव्या भाडेकरूसाठी साफ करून दिली, असा हा प्रकार आहे. सर्व्हर कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःपुरत्या बंदिस्त आवरणात, चालत असेल तर डंप कुठे टाकायचा हे आवरणाच्या आतून ठरतच नाही, कारण तो निर्णय यजमान यंत्राच्या कर्नलचा असतो, आणि ते यंत्र बहुधा दुसऱ्याच विभागाच्या ताब्यात असते, ज्या विभागाला मेल केल्यावर तिकीट क्रमांक मिळतो.

विंडोजच्या गावात चालीरीती वेगळ्या असल्या, तरी स्वभाव तोच आहे. तिथे आयआयएस या वेब सर्व्हरची कामकरी प्रक्रिया पडली, तर ‘लोकलडंप्स’ नावाची रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारातील, नोंद आधीच केलेली असेल तरच डंप मिळतो, आणि ती नोंद आधी केलेली नसते. शिवाय पाच मिनिटांत पाच वेळा मरण आले, तर आयआयएस कंटाळून तो ॲप्लिकेशनचा गट मुळातच बंद करतो व ग्राहकाला ५०३ क्रमांकाचा निरोप देतो. सर्व्हर न मरता केवळ थिजून बसला, ज्याला ‘हँग झाला’ म्हणतात, तर जिवंतपणीच त्याचा डंप काढून घेण्याची हत्यारे दोन्हीकडे आहेत. विंडोजवर प्रॉकडंप आणि लिनक्सवर जीकोअर. त्यांना लागणारी एक-दोन मिनिटे कोणी देत नाही, एवढीच काय ती अडचण. डंप घेतला जात असताना प्रक्रिया गोठलेली राहते, फाइल अनेक जीबींची होऊ शकते, आणि त्या अवधीत फोनवर वरिष्ठ विचारत असतात की अजून सुरू का झाले नाही. चिखल काढू का, असे विचारणाऱ्या कुटुंबाला तलाठी येईपर्यंत थोपवून धरणे ज्याला जमले आहे, त्यालाच हे काम साधावे.

समजा, हे सारे साधले आणि फाइल हाती आली. तरीही ती वाचता येईलच असे नाही. प्रोग्राम ग्राहकाकडे पाठवताना त्यातील फंक्शनांची व चलांची नावे, ज्यांना डीबग सिम्बॉल म्हणतात, ती जागा वाचवण्यासाठी काढून टाकलेली असतात. ती वेगळी जपून ठेवली नसतील, तर डीबगर, म्हणजे डंप वाचणारे साधन, घटनाक्रम दाखवताना प्रत्येक ओळीत दोन प्रश्नचिन्हे छापते. साक्षीदार हजर आहेत, पण नाव कोणीच सांगत नाही. सिम्बॉल नेमक्या त्याच आवृत्तीचे लागतात. मंगळवारच्या प्रोग्रामचा डंप बुधवारच्या सिम्बॉलने वाचला, तर डीबगर तितक्याच आत्मविश्वासाने निरपराध फंक्शनांची नावे घेतो, आणि ज्या प्रोग्रामरने ती लिहिली त्याचा दिवस स्पष्टीकरणात जातो.

सिम्बॉल मिळाल्यावर मात्र डंप जे बोलतो, ते ऐकण्याजोगे असते. उदाहरणादाखल अशी कल्पना करावी, की अपाचेला जोडलेले, सी भाषेत लिहिलेले एक जुने मॉड्यूल ग्राहकाचा पत्ता घेते आणि त्यासाठी त्याने ६४ बाइटांची जागा राखून ठेवली आहे. बाइट म्हणजे मेमरीचे एकक. इंग्रजीत बॅरेक, रूम, सेक्शन, कॅम्प आणि उल्हासनगर हे पाच शब्द रोमन लिपीत लिहिले तर ३२ अक्षरे होतात, प्रत्येक अक्षराला एक बाइट लागतो, आणि पत्ता ऐसपैस मावतो. आता एखाद्या स्वाभिमानी नागरिकाने तोच पत्ता मराठीत भरला. ‘बॅरेक खोली सेक्शन कॅम्प उल्हासनगर’ यात मात्रा, वेलांट्या व हलन्त धरून २९ चिन्हे आहेत, म्हणजे इंग्रजीपेक्षा तीन कमीच. परंतु यूटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून शब्दांमधल्या मोकळ्या जागा सोडूनच ८७ बाइट होतात. पहिले चार शब्द आणि त्यांच्यानंतरच्या चार मोकळ्या जागा मिळून बरोबर ६४ भरतात, आणि अख्खे उल्हासनगर हद्दीबाहेर पडते. घरांचे क्रमांक अजून लिहायचेच आहेत.

हद्दीबाहेर जी जागा असते, तिथे परतीचा पत्ता ठेवलेला असतो, म्हणजे हे फंक्शन संपल्यावर प्रोग्रामने कुठे परत जायचे त्याची खूण. ६४ बिटांच्या यंत्रावर, संरक्षक तपासणी न लावता तयार केलेल्या जुन्या मॉड्यूलच्या नेहमीच्या मांडणीत, पहिले आठ बाइट दुसऱ्या एका नोंदीवर खर्च होतात आणि पुढचे आठ परतीच्या पत्त्यावर सांडतात. डंप उघडून पाहणाऱ्याला तिथे ई० ए४ बी९ ई० ए४ बीई अशी बाइटांची रांग दिसते, आणि ती उलगडली तर ‘हा’ असे अक्षर निघते, उल्हासनगरच्या मधोमध असलेले. फंक्शन संपवून घरी निघालेला प्रोग्राम ‘हा’ या ठिकाणी जाऊ पाहतो, असे ठिकाण मेमरीत नसल्यामुळे कर्नल त्याला ११ क्रमांकाचा संकेत देते, आणि ऐरोलीत एक अपत्य गतप्राण होते. हाच पत्ता इंग्रजीत भरून शंभर वेळा चाचणी घेतली तर काहीही बिघडत नाही, म्हणून चाचणी विभाग ‘आमच्याकडे चालते’ असा शेरा मारून प्रकरण परत पाठवतो. डंपवाचून हे कोडे सुटणे अवघड आहे. अंबरनाथ आणि बदलापूर प्रत्येकी २१ बाइटांत मावत असल्याने तिथल्या ग्राहकांच्या वेळी हद्द ओलांडली जाते, पण कमी. या बाबतीत उल्हासनगरचा २७ बाइटांचा मोठेपणा मान्य करावा लागतो.

डंपचा आणखी एक गुण येथे सांगितला पाहिजे, तो असा की त्याला लाज नसते. मृत्यूसमयी मेमरीत असलेले सगळेच तो उतरवून घेतो, त्यात त्या क्षणी लॉग-इन करणाऱ्यांचे पासवर्ड, ओटीपी, पत्ते आणि सर्व्हरच्या गुप्त किल्ल्याही असू शकतात. तरीही तो तपासासाठी मेलने, पेन ड्राइव्हने किंवा मोफत फाइल पाठवणाऱ्या संकेतस्थळावरून दुसऱ्या कंपनीकडे रवाना करण्याची पद्धत आहे. पंचनाम्याच्या प्रती चौकात वाटण्यासारखीच ती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाल्यावर ही पद्धत अधिक सांभाळून पाळली जाते. थोरामोठ्यांचीही यातून सुटका नाही. २०२३ साली सरकारी मेलपेट्या फोडणाऱ्या घुसखोरांच्या हाती मायक्रोसॉफ्टची एक गुप्त किल्ली लागल्याचे उघड झाले, तेव्हा कंपनीने सप्टेंबरमध्ये सांगितले की एप्रिल २०२१ मधील एका क्रॅश डंपमध्ये ती किल्ली राहून गेली असावी. मार्च २०२४ मध्ये तिने पुरवणी जोडली की तशी किल्ली असलेला डंप आपल्याला सापडलेलाच नाही. पंचनाम्यावर ठपका ठेवून नंतर पंचनामाच गहाळ असल्याचे सांगण्याची ही रीत पाहता, महसूल खात्यातील एखाद्या मुरलेल्या अव्वल कारकुनाने सल्लागार म्हणून काम केले असावे असा संशय येतो.

वरील उदाहरणातील सर्व्हरचे पुढे सामान्यतः जे होते, ते नोंदवून विवेचन थांबवता येते. कारण सापडल्यावर दुरुस्ती दोन ओळींची असते: पत्त्यासाठी जागा वाढवायची आणि भरण्यापूर्वी लांबी बाइटांत मोजायची. परंतु जुन्या मॉड्यूलला हात लावायचा तर मूळ प्रोग्रामर लागतो, आणि तो दोन नोकऱ्यांपूर्वीच पुण्याला गेलेला असतो. नवा प्रोग्रामर अंदाज द्यायला तीन आठवडे मागतो. तोवर शुक्रवारच्या बैठकीत एक तोडगा एकमताने मंजूर होतो. फॉर्मच्या वरच्या बाजूस लाल अक्षरांत ‘पत्ता फक्त इंग्रजीत भरावा’ अशी सूचना झळकते, सर्व्हर पडायचा थांबतो, अहवालात प्रश्न सुटल्याचे लिहिले जाते, आणि डिस्क भरत आल्याचा इशारा आल्यामुळे कोणीतरी ते अकरा जीबींचे डंप पुसून टाकतो.